फटफटी कमी, वाजंत्री जास्त

ऐकलंत का? माणसं हल्ली नव्याकोऱ्या मोटरसायकलला भोकं पाडतात. आणि मोटरसायकल तरी कोणती, तर हार्ले-डेव्हिडसनची स्ट्रीट ग्लाइड! २०२४ च्या मॉडेलची अमेरिकेतली किंमत २५,९९९ डॉलरपासून पुढे होती. गाडी घरी येते, शेजारीपाजारी कौतुक करून जातात, आणि पुढच्याच शनिवारी मालक गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेऊन मागच्या सॅडलबॅगचं, म्हणजे सामानाच्या पेटीचं, झाकण टेबलावर ठेवतो. रंगाला चरा जाऊ नये म्हणून त्यावर मास्किंग टेप चिकटवतो, स्पीकरच्या खोक्यातला कागदी साचा ठेवून पेन्सिलने लंबगोल आखतो, दोनदा मापतो, देवाचं नाव घेतो आणि त्या चकचकीत झाकणात जिगसॉ घालतो. का, तर तिथे ६ बाय ९ इंचाचा स्पीकर बसायचा असतो. अहो, आमच्याकडे नव्या स्कूटरच्या सीटवरचं प्लास्टिक वर्ष उलटलं तरी निघत नसे!

बरं, गाडी मुकी होती म्हणावं तर तेही नाही. पुढच्या त्या वटवाघळी मुखवट्यात, बॅटविंग फेअरिंगमध्ये, कंपनीने २०० वॅटचा ॲम्प, दोन स्पीकर आणि १२.३ इंची स्क्रीन आधीच दिलेली असते. एवढ्यात आमच्या वेळच्या लग्नाच्या वरातीचं भागलं असतं. पण नाही. हौसेच्या बाजारात 'स्टॉक' हा शब्द 'शिळं' या अर्थी वापरतात. आणि कंपनी तरी कुठे कमी आहे? तिने २०२१ च्या मॉडेलांपासून रॉकफोर्ड फॉसगेटशी हातमिळवणी करून स्पीकर विकायला काढले, त्यांची नावं काय, तर स्टेज वन, स्टेज टू, स्टेज थ्री. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर घरात रडारड होईल. इथे माणसं हसत हसत पुढच्या स्टेजला जातात.

ही सगळी बातमी मला कुठून, तर फ्लोरिडातल्या टॅम्पाहून. तिथली माझी भाची फोनवर कुजबुजते, "मावशी, याने बेडरूमचं पेंटिंग पुढे ढकललं आणि ॲम्प मागवला गं." जावईबापूंना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "मावशी, तुम्हाला नाही कळायचं. हायवेला काही ऐकूच येत नाही."

यातली खरी गंमत त्या 'ऐकूच येत नाही'मध्ये आहे. हायवेच्या वेगाला गाडी चालवणाऱ्याच्या कानाशी नुसत्या वाऱ्याचाच आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. त्याच्यावर मात करायची म्हणजे वॅट वाढवायचे. पण वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायचा असेल तर ताकद साधारण दसपट लागते. म्हणजे पैसे गुणाकाराने ओतायचे आणि फळ बेरजेने घ्यायचं. पुन्हा मोटारीत काचा लावल्या की बंदिस्त जागेत खर्ज घुमतो. उघड्या गाडीवर तो चहूबाजूंनी पसार होतो. म्हणून खरे दर्दी लोक खर्जाचा नाद सोडतात आणि मधल्या पट्टीचे दणकट स्पीकर, वर कर्ण्याचे ट्वीटर लावतात. वारा चिरून जाईल असा आवाज हवा! संगीत त्यातून सुखरूप बाहेर येतं का, हा प्रश्न बाईमाणसांनी विचारायचा नसतो.

आणि एवढा खर्च केला तरी रेडिओ ऐकतो कुठे? कंपनीने बसवलेला रेडिओ स्वभावाने भित्रा. मूळचे छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज चढवला की तो गुपचूप खर्ज कापतो. नवे स्पीकर आले हे त्याला सांगावं लागतं. त्यासाठी गाडी डीलरकडे नेऊन रेडिओ 'फ्लॅश' करायचा, म्हणजे त्याच्या डोक्यातला जुना हिशेब पुसून नवा घालायचा. त्याचे पैसे वेगळे. हे न करता हजार डॉलर उडवून 'मजा येत नाही' म्हणत बसलेले महाभाग आहेत, आणि त्यांच्याबद्दल बाकीचे जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

आता जरा हळू आवाजात सांगते. हा वारा एकटा गुन्हेगार नाही. गाडी घेतल्यावर पहिलं काम काय केलेलं असतं? मूळचा सायलेन्सर काढून धडाडणारा बसवलेला असतो! 'लाउड पाइप्स सेव्ह लाइव्ह्ज' ही त्यांची आरती. होंडाच्या गोल्ड विंगवाल्यांना बघा. सहा सिलिंडरचं १८३३ सीसीचं इंजिन, पण कुजबुजल्यासारखं चालतं, आणि बिचारे रेडिओ ऐकत, सभ्यपणे सोफ्यावर बसल्यासारखे जातात. आधी स्वतःच्या पैशाने गोंगाट विकत घ्यायचा आणि मग त्याच्या वर आवाज काढायला आणखी पैसे घालायचे, हे अर्थशास्त्र कुठल्या विद्यापीठात शिकवतात देव जाणे.

मी जावईबापूंना अगदी भाबडेपणाने विचारलं, "अहो, हेल्मेटच्या आत बसणारे छोटे ब्लूटूथ स्पीकर मिळतात ना?" दोन मिनिटं फोनवर शांतता. मग कळलं की फ्लोरिडात २१ वर्षांवरच्या माणसाकडे किमान १०,००० डॉलरचा वैद्यकीय विमा असेल तर हेल्मेट घालायची सक्तीच नाही. डोक्यावर हेल्मेट नाही, तर हेल्मेटमधला स्पीकर कुठून येणार? आणि खरं सांगू का, हेल्मेटच्या आतलं गाणं शेजारच्या गाडीतल्याला ऐकू जात नाही. सिग्नलला थांबल्यावर चार माना वळल्या नाहीत तर स्टेज थ्री घेऊन करायचं काय?

या हौसेची खरी जत्रा भरते ती मार्चमध्ये डेटोना बीचच्या बाइक वीकला आणि ऑगस्टमध्ये साउथ डकोटातल्या स्टर्जिसला. स्टर्जिसचा मेळावा १९३८ पासूनचा. तिथे गाड्या चालतात कमी, उभ्या राहून वाजतात जास्त. काहींनी सॅडलबॅगमध्ये १० इंची वूफर ठासलेले. मग कपडे कुठे? ते वेगळ्या बॅगेत बांधून मागच्या सीटवर, जिथे बायको बसायची. झाकणातल्या साध्या स्पीकरचंही मॅग्नेट चार बोटं आत डोकावतं, त्यामुळे रेनकोटची जागा जाते. लांबच्या प्रवासासाठी म्हणून घेतलेली गाडी, आणि पाऊस आला की मालक पुलाखाली उभा, वरून स्पीकर मात्र वॉटरप्रूफ! इंजिन बंद ठेवून तासभर वाजवलं की बॅटरी बसते, मग जंपर केबल घेऊन धावाधाव. त्यावर उपाय म्हणून लिथियमची बॅटरी. तिचं बिल भाचीने अजून पाहिलेलं नाही, तुम्हीही बोलू नका.

पोलीस काही करत नाहीत का? फ्लोरिडात २५ फुटांवर स्पष्ट ऐकू येईल इतका गाडीचा आवाज ठेवला तर दंड, असा कायदा होता. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला, कारण धंद्याच्या आणि राजकीय प्रचाराच्या गाड्यांना त्यातून सूट होती. प्रचाराचा कर्णा चालतो आणि गाणं चालत नाही, हे न्यायमूर्तींना पटलं नाही. २०२२ मध्ये विधिमंडळाने नवा कायदा करून ती २५ फुटांची मर्यादा परत आणली. जावईबापूंचं म्हणणं, हायवेला ताशी सत्तर मैलांनी जाताना २५ फुटांवर उभं कोण असतं? युक्तिवादात दम आहे, पण घराच्या ड्राइव्हवेत तो लागू होत नाही, आणि समोरच्या घरातल्या आजींनी तसं त्यांना दोनदा सांगितलंय.

कालच भाचीचा फोन होता. स्टेज थ्री बसलं, रेडिओ फ्लॅश झाला, रविवारी दोघं क्लिअरवॉटरच्या किनाऱ्यापर्यंत फिरून आले. सगळी गाणी शब्दन् शब्द ऐकू आली. फक्त जावईबापूंची आता वेगळीच तक्रार आहे म्हणे: गाण्यापुढे इंजिनचा आवाज अजिबात ऐकू येत नाही. म्हणून आणखी मोठ्याने धडाडणारा सायलेन्सर मागवलाय.