नाडी सुटेना, नाद सुटेना

आमच्या सोसायटीत हल्ली कुणाची बेल वाजवली तर दार उघडायला भारी वेळ लागतो. घरच्या कर्त्या पुरुषाचे हात गुंतलेले असतात. खरोखरच गुंतलेले, दोरीत. परवा ए विंगमधल्या काकांनी दार उघडलं, तर त्यांचं मनगट खुर्चीच्या पाठीला बांधलेलं, खुर्ची मागून फरफटत आलेली, आणि चेहऱ्यावर साक्षात्काराचं तेज. "बोलाइन!" म्हणाले. मी म्हटलं, कुणाला बोलावताय, काकू तर भिशीला गेल्यात.

तर गाठी मारायचं खूळ आलंय, आणि बोलाइन हे त्यातल्याच एका गाठीचं नाव. पाव भाजायचं येऊन गेलं, गच्चीत पालक लावायचं येऊन गेलं. त्यातून निदान काहीतरी ताटात पडायचं. आता साठीतली माणसं मोबाइल पुढ्यात उभा करून परदेशातल्या कुणा दाढीवाल्याकडून दोरीला गाठ कशी मारायची ते शिकतायत. आणि कोण शिकतंय? ज्यांना चाळीस वर्षांत स्वतःच्या लेंग्याची नाडी धड बांधता आली नाही ते! आम्हाला आयांनी सगळं गाठशास्त्र त्या नाडीवरच शिकवलं. एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ. शाळेच्या मधल्या सुट्टीत, ऐन घाईत, जिला दात लावावे लागतात ती निरगाठ. तेवढं जन्माला पुरलं.

आमच्याकडे दहा मीटर पांढरी आणि दहा मीटर निळी दोरी आली. दोन रंग कशाला? तर कुठलं टोक कुठे जातं ते कळावं म्हणून. दोरीपाठोपाठ पुस्तक आलं. क्लिफर्ड अ‍ॅशली नावाचा एक अमेरिकन चित्रकार होता, देवमाशांच्या शिकारी जहाजांवर वावरलेला. त्याने अकरा वर्षं खपून गाठींचा एक ग्रंथ रचला, तो १९४४ साली निघाला. सुमारे ३,९०० नोंदी, चित्रं सात हजारांच्या घरात, आणि प्रत्येक गाठीला नंबर. अकरा वर्षं! त्याच्या घरी त्या काळात पोत्याची तोंडं कोण बांधत होतं कोण जाणे. आमच्याकडे हेच बांधतात, तेही माझ्या पाठीमागे.

ह्यांचं मन बसलं १२४९ नंबरवर. 'कन्स्ट्रिक्टर' म्हणतात तिला. खुंट्याला जनावर बांधताना घालतात तसे दोन वेढे, आणि वरच्या वेढ्याखाली टोकांचा आणखी एक पीळ. दोन्हीकडून ओढलं की संपलं. ही गाठ ह्यांनी माझ्या कोलमच्या पोत्याला घातली. मी साडेअकराला तांदूळ काढायला गेले. नखं लावली, काट्याचं टोक लावलं, दातही लावून झाले. शेवटी विळी आणली. त्यावर ह्यांचं उत्तर, "कापावी लागली ना? तोच तिचा मोठेपणा." त्या दिवशी आमच्याकडे भात दीड वाजता झाला.

नवऱ्यांना एकट्यांना तरी का बोल लावा? तिकडे मोठमोठे लोकही यातच बुडालेत. १९७८ साली लंडनच्या 'टाइम्स'ने पहिल्या पानावर बातमी छापली, की एडवर्ड हंटर नावाच्या निवृत्त डॉक्टरांनी नवी गाठ शोधली. पहिल्या पानावर, दोरीची गाठ! पुढे कळलं की फिल स्मिथ नावाच्या अमेरिकनाने तीच गाठ पन्नाशीच्या दशकात गिर्यारोहणाच्या पुस्तिकेत देऊन ठेवली होती. आपल्याकडे अशा भानगडीत दोन पक्ष पडून दिवाळी अंकांची चांगली सोय झाली असती. इंग्रजांनी काय केलं? या गाजावाजातून गाठी मारणाऱ्यांच्या ओळखी झाल्या आणि १९८२ साली त्यांनी चक्क एक आंतरराष्ट्रीय मंडळ काढलं. बर्कली विद्यापीठातल्या इंजिनियरांची तर कमालच. बुटाची नाडी आपोआप का सुटते, यावर त्यांनी २०१७ साली शोधनिबंध लिहिला. एका बाईला ट्रेडमिलवर पळवून चित्रण केलं. पाऊल आपटलं की गाठ सैल पडते, पाय पुढे फेकला की मोकळी टोकं हिसका देतात, आणि दोन्ही मिळून नाडी सोडवतात. हे आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना फुकटात माहीत होतं, पण ते गुन्हा नाडीचा न धरता आमचा धरायचे.

आता गळाचं ऐका. जुलैत ह्यांना आणि तिघा मित्रांना गरवायला जायची हुक्की आली. वसईच्या किल्ल्याजवळ धक्क्यावर गेले. आदल्या रात्री माझ्या डायनिंग टेबलावर तालीम. तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, दुमडायचा, गरीच्या डोळ्यातून काढायचा, त्याची साधी गाठ मारायची, उरलेल्या फाशातून अख्खी गरी काढायची, आणि आवळायच्या आधी... थुंकी लावायची! जेवायच्या टेबलावर! मी किंचाळले तर मलाच विज्ञान शिकवलं. कोरडा तंगूस ओढला की घासून तापतो आणि नेमका गाठीशीच कमकुवत होतो, म्हणून ओला करायचा. मी म्हटलं, नळाला पाणी येतं आपल्याकडे.

धक्क्यावर दिवसभरात चौघांनी गाठी मारल्या सोळा. मासे शून्य. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे होड्या काठाला लागलेल्या. एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. ह्यांनी त्याला जाऊन आदल्या रात्रीची ती तंगुसाची गाठ, पालोमार, दाखवली. त्याने जाळ्यावरचा हात न थांबवता पाहिली आणि विचारलं, "गाठ झ्याक हाय. मासली कंय हाय?" येताना हे मंडईतून पापलेट घेऊन आले आणि पिशवीला बोलाइन मारून आणली.

एवढ्यावर निभावलं असतं, पण पुढे नवरात्र आलं. घट बसायच्या आधी घरातली अंथरुणं-पांघरुणं धुवायची, हे सांगायला नको. गच्चीवरची वाळत घालायची दोरी नेमकी तोकडी पडली. सेक्रेटरी, ए विंगमधले काका आणि हे, असे तीन तज्ज्ञ वर गेले. जुन्या दोरीला नवी जोडायची होती. काकांनी रीफ नॉट मारली. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. आम्हीही गाइडमध्ये शिकलो होतो. दिसायला काय सुरेख! मी तीन ओल्या सोलापुरी चादरी टाकल्या. वारा आला, दोरीला हिसके बसले, गाठ मधोमध उलटली आणि वाळूतून साप जावा तशी एक दोरी दुसरीतून निघून गेली. चादरी तळमजल्यावरच्या काकूंच्या तुळशीवर. काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत.

ह्यांनी मान खाली घालून ग्रंथ उघडला. अ‍ॅशलीने स्पष्ट बजावलं होतं, की ही गाठ पुडकं बांधायला, दोन दोर जोडायला नाही. तिने घेतले तितके बळी बाकी सगळ्या गाठींनी मिळूनही घेतले नसतील, असा त्याचा होरा. आमच्या काकूंची तुळस त्यात धरा.

हा सगळा तमाशा सासूबाई गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बघत होत्या. "आण इकडं," म्हणाल्या. दोन्ही टोकं घेतली. एकाची दुमड केली, दुसरं टोक दुमडीतून खालून वर काढलं, मागून वेढा दिला. थांबल्या. "नायलॉन आहे मेलं, घसरतं." आणखी एक वेढा दिला, टोक त्याच्या स्वतःच्याच खाली खोवलं, ओढलं. डोळे सगळा वेळ तुळशीकडे. त्या दोरीवर आज चौथा महिना आमची धुणी वाळतात.

सासूबाई लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. तुटलेल्या सुताला सूत जोडायचं, दिवसभर, उभ्याने. त्यांनी मग शिवणाच्या दोऱ्यावर दाखवलं. दोन टोकांची फुली डाव्या अंगठ्याखाली दाबायची, फास अंगठ्यावरून फिरवायचा, टोक आत, ओढ. मी "पुन्हा दाखवा" म्हणेपर्यंत त्यांची चौथी झाली होती. गाठ जाड झाली तर पुढे मागावर अडते आणि ताण्याचा धागा पुन्हा तुटतो, म्हणून ती बारीकच हवी. १९८२च्या जानेवारीत संप झाला आणि त्या घरी बसल्या. गाठी मारणाऱ्यांचं इंग्लंडमधलं मंडळ निघालं ते याच वर्षी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

ह्यांनी ग्रंथात शोधलं. शीट बेंड, म्हणजेच विणकरांची गाठ, आणि जाळ्याच्या प्रत्येक डोळ्यालाही हीच. वसईच्या धक्क्यावर तो म्हातारा ह्यांच्या नाकासमोर दिवसभर हीच मारत बसला होता, आणि हे त्याला पालोमार शिकवत होते! ऐकून सासूबाई इतक्या हसल्या की त्यांची कवळी सांभाळावी लागली.

आता रोज पाच वाजता आमच्या हॉलमध्ये सासूबाईंचा वर्ग भरतो. तिन्ही तज्ज्ञ पहिल्या रांगेत असतात आणि, सांगायला लाज वाटते, दुसऱ्या रांगेत मी. ज्यांना यायचंय त्यांनी जरूर यावं, दोरी आपापली आणावी, चहा मिळेल. टेबलावर थुंकी चालणार नाही. आणि तांदळाच्या पोत्याला जो कुणी हात लावेल, त्याची गाठ माझ्याशी आहे.