टक्का कशाचा?

उजनीकाठच्या माणसाला टक्केवारी कोणी शिकवू नये. धरण शून्यावर आलं की लांबची माणसं हळहळतात. कंदर-केत्तूरचा केळीवाला मोटारीचा पाइप तेवढा पुढे सरकवतो. शून्याखाली ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा आहे, वरच्या उपयुक्त साठ्याहून जास्तच, हे त्याला पाठ आहे. २०२४च्या उन्हाळ्यात आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला, तरी धरणात पाणी होतंच.

हाच चतुर गडी एचआयव्हीचे आकडे ऐकताना मात्र मान डोलावतो. २०२५साठी जगाचं उद्दिष्ट होतं ९५-९५-९५. ऐकायला झकास! पण पहिले पंच्याण्णव टक्के म्हणजे एकूण लागण झालेल्यांपैकी ती ठाऊक असलेले, दुसरे त्या ठाऊक असलेल्यांपैकी औषध चालू असलेले, तिसरे औषध चालू असलेल्यांपैकी विषाणू दबलेले. गुणाकार करा. विषाणू दबलेले शंभरात शहाऐंशी. म्हणजे उद्दिष्ट गाठल्याचे पेढे वाटले, तरी चौदा जण बाहेरच.

आणि दबलेला ठरवायचा कसा? मिलिलिटरभर रक्तात विषाणूच्या हजाराहून कमी प्रती, की झाला पास. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्षाने, पुढे दरवर्षी ही तपासणी. काहींच्या रिपोर्टात विषाणू सापडतच नाही. रिपोर्ट तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. (टपरीवर मात्र अशा रुग्णाची कपबशी अजून वेगळी. तिथल्या तपासणीत तो बरोब्बर सापडतो.) पण न सापडणं म्हणजे संपणं नव्हे. पेशींत दडलेला साठा असतोच, गोळी सोडली की बहुतेकांत तो काही आठवड्यांत वर येतो. हे उजनीकाठी समजावून सांगावं लागू नये.

खरी मेख पुढे आहे. ज्याने तपासणीला रक्तच दिलं नाही, तो तपासलेल्यांच्या टक्केवारीत ना पास, ना नापास. बीडकडून ऊसतोडीची टोळी इकडच्या फडात येते. त्यातल्या कुणाचा कागद तिकडच्या एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) सेंटरात, कोयता इकडे. तपासणीची तारीख हंगामात पडली, तर ती बुडते आणि तिकडचा टक्का मात्र जसाच्या तसा तुळतुळीत.

टोळी कधी हलणार हे कारखान्याला ठाऊक असतं, मुकादमाला तर उचल देतानाच ठाऊक असतं. रक्त घेणाऱ्यांनीही दसऱ्याआधी एकदा विचारायला हरकत नव्हती.