बडेबाबूंची नस्ती

बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या खैरलांजीहून पूर्वेला निघा की पश्चिमेला, पाचशे किलोमीटर तुडवल्याशिवाय समुद्र दिसत नाही. बडेबाबूंना ही अडचण वाटत नाही. "वैनगंगा जाते कुठं? वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी समुद्रात. पाण्याचा रस्ता आहेच की!" असं ते म्हणतात आणि समोरचा गप्प होतो.

तहसिलीतून निवृत्त झाले तरी बडेबाबूंच्या अंगातली तहसील काही निवृत्त झाली नाही. त्यांच्या मुंबईच्या भाच्यानं मित्रांच्या भागीदारीत एक जुनी, लहानशी शिडाची बोट घेतली. फोनवर तो सहज बोलून गेला, "मामा, बोटीवर रेडिओ लावायचाय, कुठला घ्यावा कळत नाही." बिचाऱ्याला नुसतं बोलणं लांबवायचं असेल. बडेबाबूंनी त्याच संध्याकाळी नवी नस्ती उघडली आणि वर लिहिलं: 'विषय – लघु शीडनौकेकरिता सागरी रेडिओ निवडणेबाबत.'

काकूंनी कपाळाला हात लावला. मिक्सर घ्यायचं ठरल्यापासून तो घरात येईपर्यंत त्यांच्या पाट्याला दोनदा टाकी लावावी लागली होती. पंख्याचा अभ्यास पुरा होईस्तोवर दिवाळी आली, तेव्हा बडेबाबू म्हणाले, "आता थंडीच आहे."

पण माणूस उथळ नाही. नुसते भाव विचारणारे गावात पुष्कळ. बडेबाबू मुळाशी जातात. हातात धरायचा रेडिओ पाच-सहा वॅटचा, बोटीत पक्का बसवायचा २५ वॅटचा. आपण म्हणू, २५ वाला बरा. "चूक!" बडेबाबू म्हणाले. "या लहरी सरळ जातात आणि पृथ्वी आहे गोल. समोरचा क्षितिजाआड गेला की वॅट काय चाटायचे?" मग पानठेल्याच्या फळीवर चुन्याच्या बोटानं गणित सुरू झालं. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साधारण चारनं गुणा. तेवढे किलोमीटर त्याचं क्षितिज. हातातला रेडिओ पाण्यापासून एक मीटरवर, म्हणजे चार किलोमीटर. नऊ मीटरच्या डोलकाठीच्या टोकावर अँटेना लावला की बारा. समोरच्याचं क्षितिज यात मिळवायचं. ते मिळवायच्या आत पानवाल्यानं फळी पुसून घेतली.

केबलवर आल्यावर तर ते फारच खुलले. बारीक केबल डोलकाठीच्या टोकापर्यंत नेली तर निम्मी शक्ती वाटेतच खर्ची पडू शकते. "मंजूर २५, पोहोचले १२!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "हे यंत्र आपल्याच खात्यातलं दिसतं."

अँटेना तीन डेसिबलचा की सहाचा, या प्रश्नासाठी आठवडी बाजारात छत्री उघडली गेली. सहाचा अँटेना लहरी चपट्या थाळीसारख्या पसरवतो. जातात लांब, पण शिडात वारा भरून बोट कलली की थाळीची एक कड आभाळात न् दुसरी पाण्यात. म्हणून शिडाच्या बोटीला तीनचाच बरा. भर उन्हात छत्री डावी-उजवीकडे कलवणारे बडेबाबू पाहून भाजीवाली म्हणाली, "का जी, पाणी येऊन राहिलं का?"

रेडिओवर एक लाल बटण असतं. झाकण उचलून ते दाबून धरलं की संकटाचा संदेश आपोआप जातो: बोटीचा नऊ आकडी नंबर आणि जीपीएस जोडला असेल तर ठिकाणसुद्धा. भारतातल्या बोटींचा नंबर ४१९ नं सुरू होतो, हे बडेबाबू झोपेतही सांगतील. त्यानंतर चॅनेल १६ वर तोंडानं बोलायचं, सुरुवातीला तीनदा 'मेडे'. त्याचा सराव रात्री गच्चीवर झाला. शेजारच्या आजी कंदील घेऊन "कोण मेलं बाप्पा?" करत आल्या.

एवढ्यात भाच्याचा फोन आला, की पक्का बसवायचा ठरवतोय. बडेबाबूंनी त्याला थोपवलं. गोल्डन ग्लोब शर्यतीत २०१८ च्या सप्टेंबरात नौदलाच्या अभिलाष टॉमींच्या 'थुरिया'ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली, पाठीला जबर मार बसला. शेवटी ओसिरिस या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. "आता मला सांग, काठीच मोडली तर काठीवरचा अँटेना कुठं जाईल? म्हणून हातातलाही पाहिजे. पाण्यात पडला तर तरंगणारा." म्हणजे आता दोन रेडिओ निवडायचे. काकू आत निघून गेल्या.

हातातल्याचा तक्ता वेगळा झाला. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो असं काही कंपन्या लिहितात. अर्ध्या तासानंतर काय होतं, याचा खुलासा बडेबाबूंनी रीतसर पत्रानं मागवला. रेडिओ वापरायला सरकारी परवाना लागतो हे समजलं, त्या दिवशी त्यांनी घरी शिरा करायला लावला.

प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं मत घ्यावं म्हणून एकदा ते वैनगंगेवर गेले. मीही सोबत होतो. डोंग्यात जाळं सोडवत बसलेल्या ढीवरदादानं सगळं ऐकून घेतलं. "बडेबाबू, मी तं दोन हात तोंडाले लावतो न् हाक मारतो. पल्याड आयकू जाते."

दुसरा कुणी असता तर हसण्यावारी नेलं असतं. बडेबाबूंनी वही काढून नवा रकाना आखला: 'हाक. वीज – निरंक. परवाना – अनावश्यक. पाण्यात पडल्यास – पोहतो.' मग खाली, न्यायबुद्धीनं, 'चॅनेल १६ – नाही.'

भाचा आधी दर रविवारी विचारायचा, मग सणावारी, मग त्यानं विचारणंच सोडलं. अखेर एका संध्याकाळी त्याचा फोन आला. भागीदारांचं पटलं नव्हतं. बोट विकून टाकली होती. काकूंनी ती बातमी जपून, पाण्याचा पेला पुढं करून सांगितली. बडेबाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि नस्ती जवळ ओढली.

"बरं झालं," ते म्हणाले. "त्या बोटीपायी उगाच घाई होत होती."