नांदीहून हातखंब्यास, सा. न. वि. वि.

नांदी, फिजी
डिसेंबरातला पहिला मंगळवार

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

कपडे वाळत घातलेत आणि आभाळ भरून आलंय. तेव्हा मध्येच अक्षर तुटलं तर मी दोरीकडे पळाले असं समजा.

पत्राचं निमित्त म्हणजे बाबांचा फोन. बाबा, तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे इथले पहाटेचे साडेतीन. आम्ही ज्या खोलीत उतरलोय तिथे दुमजली खाटा आहेत आणि देशोदेशीची पोरं त्यांवर मेल्यासारखी झोपतात. तुमचे चिरंजीव वरच्या खाटेवरून "बाबा, वादळ नाही! वादळ नाही हो!" असं तिठ्यावरच्या कंडक्टरच्या आवाजात ओरडले. शेजारची जर्मन मुलगी उठून बसली आणि मुकाट्यानं सामान बांधायला लागली. टीव्हीवर जे गरगर फिरताना दाखवत होते ते इथून बरंच लांब, समुद्रात आहे. नोव्हेंबर ते एप्रिल इकडे वादळांचेच दिवस. 2016 च्या फेब्रुवारीत आलेल्या 'विन्स्टन' वादळात इथली 44 माणसं गेली, हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. पण आता बाबा मोबाइलवर शोधणारच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आई, तुमचं म्हणणं होतं की घरून निघून सरळ ऑकलंडला जायचं सोडून पाठीला गाठोडी बांधून मध्ये कुठे तडमडायचं. तिकीट सिंगापूरवरून नांदी आणि मग ऑकलंड असं स्वस्तात मिळालं, म्हणून थांबलो. स्वस्त हा शब्द कोणाचा ते तुम्ही ओळखलंच असेल. चेंडू आणि बॅट एकाच दुकानातून घेतली तर आठ आणे सुटतात म्हणणारे तेच.

आता तुमच्या डब्याचं सांगते, कारण तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत आणि दरवेळी रेंज गेली. रेंज गेली नव्हती. कडवे वाल गेले.

विमानातच एक कागद देतात, खाण्याचं काय काय आणलंय ते त्यावर लिहायचं. आम्ही सगळं खरं लिहिलं: मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, आंबापोळी, वाल. खाली उतरल्यावर एका बाईंनी सामान उघडायला लावलं. बाई धिप्पाड, कानामागे भलंमोठं फूल, हसणं असं की वाटावं आता चहाच विचारतील. मेतकूट हुंगून पाहिलं, बाजूला ठेवलं. पीठ पास. आमसुलं बराच वेळ उजेडात धरली, पास. मग वालाची पिशवी वर करून विचारलं, "पेरले तर हे उगवतात का?" मी तुमच्या चिरंजिवांच्या पायावर पाय देईपर्यंत ते छाती काढून म्हणाले, "म्हणजे काय? घरचं बियाणं आहे!" संपलं. बाईंनी पिशवी पिंपात टाकली. निवळीच्या बाजारात या माणसाला कधी दोन रुपये कमी करून घेता आले नाहीत, ते का ते मला तेव्हा कळलं.

पण खरी गंमत बुटांची. निघायच्या आदल्या दिवशी हे बाबांबरोबर वरच्या कलमांत जाऊन आले ना, तेच बूट पायात. तळव्याच्या खाचांत लाल माती गच्च भरलेली. बाईंनी बूट उलटे केले आणि त्यांचं हसू मावळलं. ब्रश आला, बादली आली. तुमचा मुलगा, ज्यानं घरी कधी स्वतःची चप्पल सरळ ठेवली नाही, तो परक्या देशात उकिडवा बसून बुटाचे तळवे घासत होता. एकेका खाचेतून काडीनं माती उकरायची, बाईंना दाखवायची, त्यांनी मान हलवायची, पुन्हा घासायचं. बादलीतलं पाणी चांगलं जांभ्याच्या रंगाचं झालं. मागे पन्नास माणसं खोळंबलेली. मी आधी हसत होते. मग ते पाणी त्यांनी मोरीत ओतलं आणि मला एकदम रडू आलं. बाईंना वाटलं, दंडाला घाबरले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सोडून दिलं.

नियम जाचक आहे, पण उगीच नाही. मातीबरोबर बुरशी येते, कीड येते, आणि बेटावरून तिला हाकलणार कुठे? शेजारच्या समोआत 1993 साली अळवावर करपा आला आणि तिथली अळवाची निर्यात एका फटक्यात बसली. इथे अळू म्हणजे आपल्याकडचा भात. कंद उकडून खातात, त्याला 'दालो' म्हणतात. पानं नारळाच्या दुधात शिजवतात. फक्त दाणे आणि मुळा नाही, बाकी आपलं फदफदंच. परवा ते घशाला खाजलं, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन आमसुलं टाकली. तेव्हापासून तिथल्या आजी माझं नाव काढतात आणि उरलेली आमसुलं त्यांनी मागून घेतली. तेव्हा आई, ऑकलंडला आता आमसुलं नाहीत. ताईच्या लग्नाला येऊ तेव्हा द्या.

लग्नावरून आठवलं. लांज्याचा मुलगा मासे खात नाही हे आत्ताच का कळलं? पत्रिका जुळवताना पालीच्या काकांनी छत्तीस गुण मोजले, त्यात सुरमईचा एकही नव्हता का? आपल्या घरी शनिवारी सोडे भाजले की मांजरसुद्धा माळ्यावरून उतरतं, तिथे हा जावई ताक-भात घेऊन पडवीत बसणार. माझं मत विचाराल तर मुलगा चांगला आहे. शाकाहाराचं ताई बघून घेईल. तिनं अण्णांची विडी सोडवली.

बंड्यादादानं रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून आणखी एक गाडी घेतली हेही कळलं. रस्ता होईपर्यंत तिला चालवणार कुठे? तिठ्यावरची धूळ अजून तशीच का? इथल्या एसटीला खिडक्यांना काचा नसतात. पाऊस आला की ताडपत्री सोडायची. धूळ मात्र नाही. मला चुकल्यासारखं होतं.

आता एक सांगण्यासारखा भाव. समुद्रावर शहाळं पाच डॉलर! इथला एक डॉलर म्हणजे आपले साधारण 38 रुपये. तुमचे चिरंजीव प्रत्येक वस्तू 38 नं गुणतात आणि मग ती खाली ठेवतात. शहाळ्याला गुणलं, 190 आले. ते मटकन वाळूतच बसले. म्हणाले, "आमच्या परसात पडून सडतात." विकणारा शांतपणे म्हणाला, आमच्याही सडतात, पण तुम्ही आमच्या परसात नाही ना राहत. यावर रत्नागिरीचा माणूस काय बोलणार? आम्ही एक घेतलं, दोघांत. पाणी पिऊन झाल्यावर मलई खायला कोयत्यानं फोडून द्या म्हटलं, तर त्याचे वेगळे पैसे नाहीत हे ऐकून यांचा चेहरा खुलला. तो दिवस बरा गेला.

आजीला सांगा, मी पाप केलं. गावाच्या टोकाला श्री शिव सुब्रमण्य मंदिर आहे, 1994 साली नव्यानं उभारलेलं, गोपुरं रंगीबेरंगी, कारागीर भारतातून आणवलेले. सुब्रमण्य म्हणजे आपला कार्तिकस्वामी हे मला दारात पोचल्यावर कळलं. मी मागे फिरले. बायकांनी दर्शन घ्यायचं नाही ना! आत बघते तर सगळ्या बायकाच. फुलं वाहतायत, मुलं कडेवर, एक नवी नवरी तर थेट गाभाऱ्यासमोर. तमिळ माणसं इथे 1903 पासून आली, त्यांचा तो लाडका देव. मी आत गेले. आजी काय म्हणते ते लिहून पाठवा, म्हणजे उपास धरायचा की नाही ते ठरवेन.

मघाशी ज्या स्वयंपाकघरातल्या आजी म्हटल्या, त्या कधी हिंदीसारखं काही बोलतात, कधी फिजियन, मुलांशी इंग्रजी. त्यांचे पणजोबा गिरमिटवर, म्हणजे मजुरीच्या करारावर आले, उसाच्या मळ्यात. 1879 साली पहिलं जहाज आलं, 1916 साली शेवटचं. तोवर 60,000 हून जास्त माणसं इकडे आणलेली. बाबा, 1916 म्हणजे आपल्याकडे थिबा राजा वारला ते साल. एका राजाला समुद्रापलीकडून रत्नागिरीत आणून ठेवलं आणि इकडे हजारोंना समुद्रापलीकडे नेऊन सोडलं, दोन्ही कामं एकाच सरकारची. ही गिरमिटाची पद्धत बंद करा म्हणून 1912 साली कायदेमंडळात ठराव आणला तो आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. ठराव फेटाळला गेला. मी आजींना हे सांगितलं तर त्यांनी गोखल्यांचं गाव आमच्यापासून किती लांब ते विचारलं, आणि मग आमचं गाव. मी तिठा, शाळा, ओढा, बाबांची कलमं, सगळं सांगत बसले. त्यांनी शांतपणे ऐकलं. स्वतःच्या पणजोबांचं गाव त्यांना ठाऊक नाही. दोन मुलगे आता ऑकलंडला. 1987 च्या लष्करी उठावानंतर पुष्कळ जण गेले, तसेच तेही. "तुम्ही तिकडे जाताच आहात, त्यांना भेटा," म्हणाल्या आणि लोणच्याची बाटली दिली. ती आता ऑकलंडच्या विमानतळावर उघडून दाखवायची आहे.

(कपडे आत घेतले. निम्मे भिजले.)

डोंगरातल्या एका गावात गेलो होतो तेही थोडक्यात. गावात टोपी घालायची नाही, मुखियाचा अपमान होतो. टोपीखाली काय आहे, किंवा नाही, ते तुम्हाला माहीत आहेच. यांनी टोपी काढली तेव्हा पोरांनी गोळा होऊन पाहिलं. मग कावाची मुळं भेट द्यायची, ती कुटून पाण्यात कालवून 'तानोआ' नावाच्या लाकडी परातीत गाळतात आणि नारळाच्या करवंटीतून देतात. एक टाळी वाजवायची, घोटात संपवायचं, तीन टाळ्या. दिसायला आणि चवीला थेट आषाढातल्या ओहोळाचं पाणी. विमानतळावर आमची माती धुवून घेतली आणि इथे आपली पाजली! जीभ बधिर झाली. तुमचे चिरंजीव तासभर गप्प होते. मुळांची एक जुडी मी जपून ठेवावी असं ताईचं मत पडेल, पण ऑकलंडला पुन्हा पिंप आणि बादली आहेच.

आता कामाचं. बाबा, मोहोर फुटायला लागला असेल तर तुडतुड्यांची फवारणी स्वतः चढून करू नका, गड्याला बोलवा. वानरांसाठी आणलेले फटाके देवघराशेजारी ठेवू नका. ताईच्या लग्नाची तारीख एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात धरा, तेव्हा आम्हाला रजा मिळते आणि आंबाही असतो. मेपर्यंत पुढे ढकलू नका. आणि आई, पुढच्या वेळी वाल द्यायचे तर भरडून द्या, म्हणजे कोणी विचारलं तरी उगवणार नाहीत.

आजीला नमस्कार, ताईला चिमटा.

तुमची,
मुक्ता

ता. क. हे म्हणतात, सिंगापूरला पाणी विकत घेतलं त्याचा हिशेब बाबांना सांगू नकोस. सांगितला नाही.