कावळा शिवेना : एका कंपोस्टेबल ग्लासास खुले पत्र

रा. रा. ग्लासराव यांसी,
दिंद्रुडहून स. न. वि. वि.

आपली-आमची पहिली भेट दोन वर्षांपूर्वी, आबांच्या दहाव्याला. दुकानदारानं आपलं पाकीट हातात ठेवताना पाठीवरचं हिरवं पान दाखवलं आणि म्हणाला, ‘पर्यावरणाचा माल आहे दादा, मातीत जातो.’ आबांनी जन्मात काडी वाया घालवली नव्हती. त्यांच्या दहाव्याला पाव्हण्यांनी प्लास्टिकात पाणी प्यावं, हे बरं दिसेना. चार पैसे जास्त मोजले. त्या दिवशी पिंड ठेवतोय तोच कावळा शिवला. आबांची काही इच्छाच राहिली नव्हती.

आपली राहिली होती. ते परवा कळलं.

मृगाच्या आधी शेतात खत टाकायचं म्हणून उकिरडा उपसला. शेणाचं खत झालं होतं, पाचट गेलं होतं, त्याच पंगतीतल्या पळसाच्या पत्रावळीची काडीसुद्धा सापडली नाही. फावड्याला लागलात ते आपण. जरा चेपलेले, कड चिरलेली, पण पाठीवरचं ‘१०० टक्के कंपोस्टेबल’ लख्ख वाचता येत होतं. पत्रावळीनं कधी असं काही छापून घेतलं नव्हतं, बिचारी.

चूक आमचीच म्हणा. कावळा शिवेना की घरचे हात जोडून विचारतात, ‘बाबा, तुझं काय राहिलं?’ आपल्याला कोणी विचारलंच नाही. मग मीच चौकशी केली.

आपलं नाव पॉलिलॅक्टिक ॲसिड, घरचे पीएलए म्हणतात. कूळ गोड. कुठं मक्याची साखर, कुठं उसाची. ती आंबवून लॅक्टिक ॲसिड, आणि त्याच्या लांबच लांब साखळ्या म्हणजे आपण. २०२४ साली पुण्याजवळ जेजुरीलाही आपलं प्रात्यक्षिक केंद्र सुरू झालं. म्हणजे यापुढं आपल्या एखाद्या भावाचा ऊस आमच्याच बीडच्या कोयत्यानं तोडलेला निघायचा. पाव्हणे नव्हे, सोयरेच झालात.

पण या साखळ्या जंतूंना गिळवत नाहीत. आधी पाण्यानं आणि उष्णतेनं त्यांचे तुकडे पडले पाहिजेत, मग जंतू घास घेणार. आणि पन्नास-साठ अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय आपलं अंग काही सैल पडत नाही. म्हणून आपली परीक्षा घेतात ती ५८ अंशांच्या दमट, हवा खेळत्या कंपोस्टमध्ये. तिथं १८० दिवसांत आपल्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला की आपण पास. प्रमाणपत्र खरं आहे, मी नाकारत नाही. फक्त ते ज्या खोलीत मिळालं, ती खोली दिंद्रुडला नाही.

आमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. मला वाटलं, एवढ्यावर भागेल. पण तेव्हा ओल नसते. ओल येते तेव्हा ऊन नसतं. उकिरडा पोटात तापतो, हात घातला तर चटका बसतो. पण थोडे दिवस, मग निवतो. आपल्याला सलग सहा महिने खातिरदारी हवी. एवढी तर जावयाचीही होत नाही.

म्हशीच्या पोटात गेलात तर तिथं ३९ अंश, तेही हवेशिवाय. माजलगाव धरणाच्या गार पाण्यात पडलात तर तळाशी निवांत. गावाबाहेरच्या ढिगात गेलात तर साखरझोप.

गंमत म्हणजे, दहाव्याला कुणीतरी आपल्यात कडक चहा ओतला तेव्हा आपण कमरेतून वाकला होतात. चहात वाकता, मातीत ताठ!

आपल्या कॅरीबॅग भावंडांची कथाही ऐकली. इंग्लंडात प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी वेगवेगळ्या पिशव्या मातीत पुरल्या, समुद्रात टांगल्या, उघड्यावर ठेवल्या. २०१९ मध्ये निकाल छापला. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणवणारी पिशवी तीन वर्षं मातीत आणि पाण्यात राहून बाजाराचं ओझं पेलण्याइतकी धडधाकट होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली (दिसेनासं होणं आणि संपणं एकच नव्हे), पण मातीत २७ महिन्यांनीही होतीच, फक्त वजन घातल्यावर फाटली. उघड्यावर नऊ महिन्यांत सगळ्यांचे तुकडे झाले. एक पिशवी उचलता येते; हजार तुकडे कोण वेचणार?

घराण्यात एक गुणी चुलतभाऊ आहे, पीएचए. जंतूच त्याला स्वतःच्या पोटात साठवतात. फ्रान्सच्या मॉरिस लमुआन यांनी १९२६ मध्ये त्याची ओळख पटवली. तो साध्या मातीतही जातो. पण महाग, म्हणून आमच्या बाजारात येत नाही. आपण येता.

आणि कायदाही आपल्याशी प्रेमानं वागतो. २३ मार्च २०१८ ला राज्यानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. २०२२ संपता संपता कंपोस्टेबल ग्लास-ताटांना प्रमाणपत्राच्या अटीवर दार उघडलं. प्रमाणपत्र बघितलं जातं, पण पुढं ५८ अंशांची भट्टी कुठल्या गावात आहे, हे कोण बघतं? महानगरातल्या एखाद्या मोठ्या खतप्रकल्पात आपल्याला सद्गती मिळतही असेल. इथं नाही.

तेव्हा एक विनंती आहे. ते हिरवं पान पुसा आणि तिथं आपली इच्छा सरळ मराठीत छापा : ‘५८ अंश, ओल, हवा, सहा महिने. हे नसेल तर मी मरत नाही.’ वाचून ज्याला घ्यायचं तो घेईल.

आईचं वर्षश्राद्ध येतंय. पत्रावळी सांगून ठेवल्यात, पाण्याला गावातल्या भांडेवाल्याचे स्टीलचे पेले. आपल्याला धुऊन गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलंय, आत खिळे भरलेत. खिळ्यांना गंज चढायला लागलाय.

आपला,
दिंद्रुडचा एक उकिरडेवाला