पाणी तुंबलं की ज्ञान वाहतं

बिघडलेल्या वॉशिंग मशीनबाबत माझा एक सिद्धान्त तयार झाला आहे. निदान करणारा माणूस मशीनपासून जितका लांब, तितकं त्याचं निदान महाग. शेजाऱ्याचा सल्ला शेकड्यांत भागतो, फोनवरच्या माणसाचा हजारांत जातो आणि परगावच्या नातेवाइकाचा थेट शोरूममध्ये नेऊन सोडतो.

आमचं मशीन पुढून दार उघडणारं. ऐन श्रावणात अडलं. कपडे धुऊन झाले, शेवटचं पाणी घेऊन झालं आणि तिथंच त्यानं बैठक मारली. काचेमागे गढूळ पाणी, त्यात माझ्या शर्टाची बाही मधूनच काचेला टेकून पुन्हा आत जायची. दार कुलूपबंद. पंप ‘घुंऽऽ’ करायचा, दम खायचा, पुन्हा ‘घुंऽऽ’ करायचा. पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं लुकलुकत होती.

पहिले धावून आले तिसऱ्या मजल्यावरचे काका. वीज मंडळातून निवृत्त. त्यांच्या मते जगातली निम्मी दुखणी कमी व्होल्टेजची आणि उरलेली जास्त व्होल्टेजची. मशीनकडे ढुंकूनही न बघता त्यांनी प्लग पॉइंटकडे रोखून पाहिलं, ‘अर्थिंग बघितलंत का?’ असं विचारलं आणि स्टॅबिलायझरवर शिक्कामोर्तब केलं. घरातले दिवे व्यवस्थित आहेत, पंखा नीट फिरतोय, हे मी भीत भीत सांगून पाहिलं. ‘पंख्याचं वेगळं,’ काका म्हणाले. उभी हयात विजेत काढलेल्या माणसानं ‘वेगळं’ म्हटलं की आपण चहा टाकावा.

मग सर्व्हिस सेंटरला फोन. ‘सर, मशीन एकदा बंद करून परत चालू केलंत का?’ केलं होतं. ‘मग पीसीबी गेला असणार.’ पीसीबी म्हणजे मशीनचा मेंदू. तो जाताना एकटा जात नाही, आपले काही हजार सोबत नेतो. मी म्हटलं, ‘अहो, आवाज तरी ऐका,’ आणि मोबाइल मशीनला लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘सर, आपला आवाज तुटतोय.’ माणूस परवा येणार होता, दहा ते सहाच्या दरम्यान कधीही.

सगळ्यांत लांबचा सल्ला नाशिकचा. धाकटा मेव्हणा म्हणाला, ‘दाजी, काढून टाका ते. आता कुणी रिपेअर करत बसतं का? एक्स्चेंजमध्ये जाईल. मी लिंक पाठवतो.’ फोन ठेवायच्या आत लिंका यायला लागल्या. सगळ्यांत स्वस्त मशीनची किंमत वाचली आणि मशीनचं नाही तरी माझं स्पिनिंग सुरू झालं.

ही मात्र मशीनपुढे पाट टाकून, चष्मा लावून माहितीपुस्तिका वाचत होती. पुस्तिका पैठणीच्या घडीखाली, गॅरंटी कार्डाशेजारी जपलेली. ‘पिळत नाही ही तक्रारच चुकीची आहे,’ ती म्हणाली. ‘पोटात पाणी आहे, पिळेल कसं?’

आणि ते खरंच होतं. ड्रममध्ये पाणी किती आहे, हे मशीनला हवेच्या दाबावरून कळतं. पाणी गेल्याची खात्री पटल्याशिवाय ते वेग घेत नाही, आणि न घेण्यातच शहाणपण असतं. 48 सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 1200 फेरे घेऊ लागला, की आतला कपडा आपल्या वजनाच्या सुमारे 380 पट जोरानं कडेवर दाबला जातो. म्हणजे दोन किलोची ओली चादर पाऊण टनाच्या जोरानं ड्रम ढकलते. अशा वेळी पोटभर पाणी घेऊन गरगरणं मशीनला परवडत नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून फुगडी घालायला गेलेल्या माणसालाही ते परवडत नाही. तेव्हा मोठी मोटर ठणठणीत होती. अडला होता तो 30-35 वॅटचा पाणी उपसणारा पंप. पण एवढ्या मोठ्या धुडाचं दुखणं एवढंसं निघावं, हे आम्हा पुरुषमंडळींना काही केल्या पटेना. काका तर जिन्यातूनच ओरडले, ‘स्टॅबिलायझर लावून ठेवा हो, वाया जात नाही!’

हिनं पुस्तिकेतली कारणं एकेक करून खोडायला घेतली. पावडर जास्त पडली तर फेसानं पंप अडतो. फेस नव्हता. मागचा पाइप भिंतीला चेपून मुडपला तर पाणी अडतं. मशीन पुढे ओढून पाहिलं. पाइप सरळ होता, मागे हरवलेले कपड्यांचे तीन चिमटे तेवढे सापडले. उरला फिल्टर.

खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. त्यामागे पेन्सिलएवढी रबरी नळी आणि तिच्याशेजारी फिल्टरची गोल मूठ. नळीचं बूच काढून आधी पाणी काढायचं, मग मूठ फिरवायची, हा क्रम उलटा झाला तर न्हाणीघर हॉलपर्यंत येतं. पुस्तिकेत ‘भांडे ठेवावे’ इतकंच छापलेलं. कुठलं भांडं, ते लिहिणाऱ्यानं घरी करून पाहिलेलं नसावं. ती नळी जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. बादली बसत नाही, तपेलं बसत नाही, टोपही बसत नाही. शेवटी पुरणपोळीची कणीक तिंबायची परात आली. परात भरली की बूच लावायचं, ती डुचमळू न देता न्हाणीपर्यंत न्यायची, रिकामी करून परत आणायची. पहिल्या खेपेला मी उत्साहात होतो. नंतर त्या इवल्या नळीतून पाणी इतक्या सावकाश यायला लागलं, की उभ्या उभ्या मला नाशिकची लिंक पटू लागली.

मग हिनं मूठ डावीकडे फिरवली. आधी केसांचा ओला गुंता आला. मग ब्लाऊजचा हूक, एक सेफ्टी पिन, कागदाचा लगदा झालेली वाण्याची यादी. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, पंपाच्या तोंडाशी रुतून बसलेली, टच्च फुगलेली एक सुपारी.

साधी नव्हे, पूजेची. रेघेत अजून हळदीकुंकू अडकलेलं.

आमच्याकडे नुकतीच सत्यनारायणाची पूजा झाली होती. माझे गुडघे मांडी घालू देत नाहीत, म्हणून नाशिकची जोडी पूजेला बसली. गुरुजींनी गणपतीची सुपारी मेव्हण्याच्या हातावर ठेवून बजावलं होतं, ‘ही जपून ठेवा.’ त्यानं ती झब्ब्याच्या खिशात जपली आणि झब्बा आमच्या धुण्यात टाकून तो नाशिकला गेला. ड्रमच्या कडेच्या रबरामागे फट असते. खिशातून निसटलेली वस्तू तिथून खाली घरंगळते. सुपारीचं परस्पर विसर्जन झालं होतं, फक्त ते पूर्ण व्हायला फिल्टर आड आला.

पंप सुटला, उरलंसुरलं पाणी भसकन गेलं. पिळणं मात्र अजूनही नाही! पडद्यावर ‘9 मिनिटं’ आलं आणि अर्धा तास ते 9च राहिलं. ड्रम थोडा इकडे वळे, थोडा तिकडे, वेग घेऊ पाही आणि नाद सोडून देई. दार उघडलं तेव्हा रजईच्या अभ्र्यानं सगळे कपडे गिळून एकच गाठोडं केलेलं. ते एका बाजूला बसलं की तोल जातो, म्हणून मशीन वेग घेत नव्हतं. अभ्र्याच्या पोटातून माझे शर्ट, हिचे पंजाबी ड्रेस आणि एक परका पायमोजा बाहेर काढला, सगळं सुटं करून टाकलं. मशीननं एक हुंकार दिला आणि खिडकीची तावदानं थरथरवत ते असं काही फिरलं की काका वरून खाली आले. ‘बघा, आला ना व्होल्टेज!’ ते म्हणाले.

संध्याकाळी नाशिकहून फोन. ‘दाजी, कुठलं फायनल केलंत?’ फोन हिनं घेतला आणि सुपारीची हकिकत सांगितली. पलीकडे थोडी शांतता पसरली. मग माझा सिद्धान्त पुन्हा एकदा खरा करत मेव्हणा म्हणाला, ‘अगं ताई, मग हे साधं नाही. पूजेची सुपारी अशी गेली म्हणजे पूजा परत घालायला हवी. जरा मोठी करू. पन्नासेक माणसं, केटरर सांगू, मशीनच्या निम्म्या पैशांत बसेल. आम्ही दोघं बसतो. झब्बा तिथंच आहे ना?’

‘ये,’ ही म्हणाली. ‘धुऊन ठेवलाय. तू येईस्तोवर खिसे शिवून टाकते.’