कामथडीचे कंट्रोलर

पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर-कापूरहोळच्या टापूत कामथडी आहे. महाबळेश्वरला निघालेल्या माणसाला तिथं थांबायचं काही कारण नाही. आमच्या नातेवाइकांना मात्र एक कारण आहे, आणि ते रस्त्यावर येऊन हात करून गाडी थांबवतं. ते म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना तात्या म्हणतं, जुनी माणसं कंट्रोलर म्हणतात, कारण एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी हयात घालवली. निवृत्तीच्या दिवशी एसटीनं शिट्टी, शिक्का आणि किल्ल्या परत घेतल्या, पण ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे’ हा आवाज काही जमा करून घेतला नाही. तेव्हापासून घरी येईल तो पाहुणा हा प्रवासी.

चहाला म्हणून टेकलेल्या माणसाला तात्या “पाचच मिनिटं” म्हणतात आणि त्याच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसतात. मार्ग ठरलेला आहे. पहिला थांबा नसरापूरचं बनेश्वर. मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं, ते झालं की मान वर करून घंटा बघायची, घंटेवरचा क्रॉस बघायचा, आणि चिमाजीअप्पांची वसईची मोहीम पहिल्या तोफेपासून ऐकायची. मग कापूरहोळ, म्हणजे संभाजीराजांची दूधआई धाराऊ. मग भाटघरचं धरण. शेवटी भोर, पंतसचिवांचा १८६९ सालचा राजवाडा. या मार्गावर विनंती थांबा नाही. मधे उतरता येत नाही. माझ्या एका मावसभावानं लग्नानंतर महाबळेश्वरला सूर्यास्त बघायचा बेत केला होता. तो सूर्यास्त दोघांनी भाटघरच्या भिंतीकडे तोंड करून पाहिला आणि त्या वेळी लॉइड साहेब कोण, हे ऐकलं.

अशी माणसं आपल्याकडे गावागणिक आहेत. वाड्याचा पडका बुरूज, एक वीरगळ, एक सनद आणि ऐकणारा माणूस एवढ्या भांडवलावर ती जगतात. त्यांना कुणी काही दाखवायला निघालं तर काय होतं, हे सहसा बघायला मिळत नाही, कारण तशी वेळच येत नाही. माझ्या मेव्हण्यानं ती आणली. आईवडिलांना युरोप दाखवायचं म्हणून त्यानं एका सहल कंपनीत पैसे भरले आणि सोबतीला जावई म्हणून मला दिलं.

फ्लॉरेन्सच्या जुन्या गावात मोठ्या बसना मज्जाव आहे. बस बाहेर ठेवायची आणि पायी हिंडायचं. हे ऐकूनच तात्यांचं पहिलं मत झालं. “स्टँड गावाबाहेर. चूक आहे. म्हाताऱ्या माणसानं काय करायचं?” सासूबाई नऊवारीखाली पांढरे बूट घालून केव्हाच चालायला लागल्या होत्या.

आमच्याबरोबर डोंबिवलीचा तरणा टूर मॅनेजर होता. पण इटलीत परवाना असलेल्या गाइडनंच माहिती सांगायची असा कायदा आहे, त्यामुळे तो गप्प. बोलायला एक फ्लॉरेन्सच्याच बाई होत्या, हातात पिवळी छत्री उंच धरलेल्या. त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात एक डबी अडकवली आणि कानात बोंडी घालायला दिली. बाई कॉलरच्या माइकमध्ये पुटपुटणार आणि ते चाळीस जणांच्या कानात उमटणार. तात्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली, बटणं दाबली, तोंडाशी धरून “हॅलो, हॅलो” केलं.

“जावईबापू, यात बोलायचं कुठनं?”

“यात नुसतं ऐकायचं असतं.”

तात्यांचा चेहरा उतरला. भोरच्या स्टँडवर शिमग्याच्या गर्दीत घोषणा करणारा माणूस, त्याला जन्मात पहिल्यांदा नुसतं ऐकायचं यंत्र मिळालं होतं.

त्यावर त्यांनी तोड काढली. बाई इंग्रजीत बोलत होत्या, तेही ‘र’ आणि ‘त’ चावत. मंडळींपैकी निम्म्यांनी बोंडी काढून ठेवली होती. तात्या त्यांच्या मधोमध उभे राहिले आणि मराठीत सांगू लागले. त्यांना इंग्रजी वेळापत्रकापुरतं येतं. उरलेलं ते अनुभवावर भरून काढतात. मेदिची घराण्याविषयी बाई बराच वेळ बोलल्या. तात्यांनी ते एका वाक्यात आणलं : “मुळात सावकार. लोक व्याजात अडकले, मग गावच गहाण पडलं, मग हे राजे झाले.” मला यात दुरुस्त करण्यासारखं फारसं काही दिसलं नाही.

कॅथेड्रलच्या घुमटाखाली बाई रंगात आल्या. पाया १२९६ सालचा. चर्च उभं राहत गेलं, पण एवढ्या रुंद भोकावर घुमट कसा चढवायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रुनेलेस्कीनं १४२० साली काम धरलं आणि खालून लाकडाचा आधार न देता १४३६ पर्यंत तो घुमट मिटवला. विटा अशा तिरप्या गुंफल्या की प्रत्येक थर स्वतःला सावरून राहिला. दगडविटा वर चढवायला त्यानं बैलांनी फिरणारं यंत्र बनवलं होतं.

तात्यांचा हात वर गेला.

“बैल कुठल्या जातीचे?”

मी भाषांतर केलं. बाईंना आयुष्यात मायकलअँजेलोचं प्रेमप्रकरण, घुमटाचं वजन, शौचालय कुठं आहे, हे सगळे प्रश्न आले असतील. हा आला नव्हता. त्या थांबल्या, छत्री खाली घेतली, खरोखर विचार केला. म्हणाल्या, इकडे कियानिना म्हणून पांढरे, उंच बैल असतात, तेच असावेत. फोनवर फोटोही दाखवला. तात्यांनी तो निरखला, शिंगं बघितली, वशिंड शोधलं. “वशिंड नाही, पण रंग खिलारीचा. ओढतील.” घुमट त्या क्षणी त्यांच्या दृष्टीनं पास झाला. ४६३ पायऱ्या चढून वर जाता येतं, हे कळल्यावर मात्र म्हणाले, “आम्ही राजगडाला चोर दरवाजानं चढलोय,” आणि खालीच थांबले.

शेजारच्या जॉत्तोच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजल्या तेव्हा ते मंडळींना म्हणाले, “यातलीच एक आमच्या बनेश्वराला आहे.” ती पोर्तुगिजांची, यांची नव्हे, हे मी हळूच सांगितलं. “पाव्हणे एकच,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

खटका उडाला तो नकलांवरून. बाप्तिस्मामंदिराचं ते सोनेरी दार गिबेर्तीनं सत्तावीस वर्षं खपून केलं, ते बघायला आम्ही माना लांब केल्या, आणि मग बाई म्हणाल्या की ही नक्कल, अस्सल दार संग्रहालयात. सिन्योरिया चौकात डेव्हिडचा पुतळा. तोही १९१० साली बसवलेली नक्कल. अस्सल १८७३ सालीच आत नेला. तात्या मागं वळून मंडळींना म्हणाले, “डुप्लिकेट. आमच्या भोरच्या राजवाड्यातला एक खांब डुप्लिकेट निघाला तर दाखवा.” हे खरंच आहे. फक्त तो राजवाडा स्वतः कितीतरी सिनेमांत भलत्याच राजांचे वाडे होऊन आला आहे, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग बाईंनी १९८२ सालापासून हे सगळं जुनं गाव युनेस्कोच्या यादीत असल्याचं जाहीर केलं. तात्या या क्षणाची वाटच बघत असावेत. “आमचा राजगडसुद्धा आहे. दोन हजार पंचवीस, जुलै.” मधे त्रेचाळीस वर्षं गेली, असं कुणीतरी पुटपुटलं. “गाडी लेट झाली,” तात्या म्हणाले, “पण रद्द नाही झाली.”

पोंते वेक्यो पुलावर सोनारांची दुकानं पाहून बायका पांगल्या. तिथं पूर्वी खाटीक बसत, पण पुलावरून ड्यूकची येण्याजाण्याची वाट होती आणि त्याला वास सहन होईना, म्हणून १५९३ साली हुकूम काढून सोनार आणले. “दागिने बघायचे तर आमच्याकडे या,” तात्या म्हणाले, “भोरच्या रस्त्याला नेकलेस पॉइंट आहे. नीरा नदी वळसा घालते. पैसे पडत नाहीत.” भाषांतर करायला मी धजलो नाही.

पण पुढच्याच गल्लीत वेगळं घडलं. भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, एक दगडी पाटी होती : ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोचं पाणी इथवर आलं होतं. त्या सोनेरी दाराचेही पाच तुकडे त्या पुरानं उखडले होते. बाईंचा आवाज इथं पाठांतरातून बाहेर आला. पुराच्या वर्षी त्यांची आई लहान होती. तात्या पाटीखाली गेले, हात वर करून पाण्याची उंची मापली, हात पोचला नाही.

“धरण फुटलं का?”

मी विचारलं. बाईंनी चमकून पाहिलं. फुटलं नाही, म्हणाल्या, पण वरच्या धरणांतून पाणी सोडलं, वेळेवर कुणाला सांगितलं नाही, असं लोक म्हणत आले. वाद अजून चालतो.

“सांगा त्यांना, पानशेत.”

मी सांगितलं. १२ जुलै १९६१. धरण वेल्ह्याच्या डोंगरात, पाणी पुण्यात. तात्या पहिल्यांदा थोडक्यात बोलत होते. त्यांचे वडील त्या सकाळी पुण्यात भाजी घेऊन गेले होते, एवढंच ते म्हणाले. बाईंनी ‘पान्शेत’ असा उच्चार करून पाहिला आणि वहीत लिहून घेतला. बाकीची मंडळी तोवर आइस्क्रीमच्या रांगेत गेली होती. मला वाटतं, दिवसभरात गाइडचं काम त्या गल्लीत तेवढंच झालं, आणि कोण कोणाचा गाइड होता ते सांगता येणार नाही.

त्यानंतर तात्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. या गावात यायचं त्यांचं खरं कारण त्यावर होतं. सकाळपासून प्रत्येक चौकात ते विचारत होते, “राजाराम महाराज कधी येणार?” आणि टूर मॅनेजर “तो पॉइंट आयटिनररीत नाही काका” म्हणत होता. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम, विलायतेहून परतताना इथं वारले, ३० नोव्हेंबर १८७०. वय वीस. कागद बघून बाई एकदम म्हणाल्या, “आ, ल’इंदियानो!” त्या लहानपणी सायकलवरून तिथं जायच्या. फ्लॉरेन्सकरांच्या लेखी त्या भागाचं नावच ‘भारतीय’. १९७८ मध्ये जवळ झालेल्या पुलालाही तेच नाव. पण ते काशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला. चालत जमायचं नाही.

पुढे कातड्याच्या वस्तू खरेदी करायला मोकळा वेळ होता. तात्यांनी मला टॅक्सीत घातलं. सासूबाई म्हणाल्या, “जावा, मी हाय हितं.” पाकीट बघायलासुद्धा त्या दुकानात शिरल्या नाहीत. बसपाशी जाऊन बसल्या.

आर्नोला मुन्योने नावाची नदी मिळते त्या संगमावर ते स्मारक आहे. चार खांबांवर घुमटी, खाली दागिने घातलेला, रंगवलेला अर्धपुतळा. बाग मोकळी, पळणारी माणसं, कुत्री, सायकली. पिवळी छत्री नाही, कानात बोंडी नाही. तात्यांनी पायातले बूट काढले, नमस्कार केला, बूट पुन्हा घातले आणि घसा साफ केला. मला कळलं, आता सुटका नाही.

शेजारी एक तरुण जोडपं कट्ट्यावर पाय ताणत होतं. तात्यांनी त्यांना हात करून थांबवलं.

“लक्ष द्या. हे आमचे महाराज. त्या वेळी फ्लॉरेन्स तुमची राजधानी होती, रोम नव्हतं. महाराज राणीला भेटून परत निघाले होते. पोरगं होतं हो, वीस वर्षांचं. रोजनिशी लिहायचं. ती पुढं इंग्रजीत छापली. तुमच्याकडं दहनाची रीत नव्हती, पालिकेची परवानगी काढावी लागली. इथंच का? तर संगम. हे सांगितलं का तुम्हाला कोणी?”

सगळं शुद्ध मराठीत. जोडपं ऐकत राहिलं. मधे मधे मुलगी मान हलवत होती. स्मारक १८७४ साली पुरं झालं, आराखडा मँट साहेबाचा, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच, इथपर्यंत तात्या आले तेव्हा दोन सायकलवालेही थांबले होते. माझ्या खिशात फोन वाजत होता. डोंबिवलीचा आवाज रडकुंडीला आला होता : काका कुठे आहेत, बसला थांबायची वेळ संपली, ड्रायव्हर निघतो म्हणतोय.

मी खुणा केल्या, घड्याळ दाखवलं, शेवटी हात धरला. तात्यांनी तो सोडवून घेतला, कारण ते तेव्हा शिवरायांची धाकटी सून ताराबाई आणि कोल्हापूरची गादी यांवर होते आणि तिथून १८७० पर्यंत यायला पल्ला होता. उभ्या जन्मात एका मिनिटासाठी त्यांनी कुणा प्रवाशाची गय केली नव्हती. पळत येणाऱ्या माणसाच्या तोंडावर शिट्टी मारून गाडी सोडल्याचे किस्से ते चवीनं सांगतात. मुलीनं जाताना विचारलं, की हे कोणती भाषा बोलत होते. मी सांगितलं. ती म्हणाली, महाराजांचं लग्न झालं होतं का? तात्यांना हे भाषांतर करून सांगण्याची चूक मी केली नाही. टॅक्सी आणली.

बसपाशी पोचलो तेव्हा चाळीस माणसं आत घामाघूम, इंजिन चालू, ड्रायव्हर दोन्ही हातांनी काहीतरी इटालियन बोलत होता. दार उघडं होतं, ते बंद होणं शक्य नव्हतं. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, एक पांढरा बूट आत, एक बाहेर. टूर मॅनेजर त्यांना हात जोडून विनवत होता.

“किती वेळा सांगू रं बाळा,” त्या म्हणत होत्या, “कंट्रोलरची सही झाल्याबिगर गाडी सुटत नसती.”